जुन्या होडीची कील: आधी आकार सांभाळा, मग लाकूड कापा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ-दहा मीटर लांबीची जुनी शिडाची होडी, ओकची कील (होडीच्या तळाचा लांब कणा), तिच्याखाली बिडाचं बॅलास्ट (तोल राखणारं वजन). काही वर्षं जमिनीवरच उभी आहे. कीलच्या मागच्या भागात टोच्या सहज आत जातो, बोल्टांभोवती गंजाचे ओघळ आहेत आणि कीललगतची पहिली फळी सुटल्यासारखी दिसते. अशा वेळी अख्खी कील बदलायची, खराब तेवढाच तुकडा बदलायचा, की पातळ इपॉक्सी ओतून मऊ लाकूड कडक करून घ्यायचं?

इपॉक्सी ओतू नका, एवढं आत्ताच सांगतो. त्याचं कारण पुढे येईल. उरलेल्या दोन पर्यायांपैकी कोणता घ्यायचा हे मात्र आज ठरवू नका. कीलच्या कामात लाकूड कापणं हा सोपा भाग आहे. होडीचा आकार न बिघडवता ते कापणं आणि लाकूड मुळात कशामुळे गेलं हे कापण्याआधी ओळखणं, खरं काम या दोन गोष्टींत आहे. त्या चुकल्या तर उत्तम ओक वापरून केलेली दुरुस्तीही काही वर्षांत पुन्हा उघडावी लागते.

आकारापासून सुरुवात करू. फासळ्या, फळ्या, नाळ (पुढच्या टोकाचं उभं लाकूड), सुकाणूचा मागचा खांब, सगळं कीलवर उभं आहे. पाण्यात असताना होडीला सगळीकडून आधार मिळतो. जमिनीवर मात्र सगळं वजन मोजक्या ठोकळ्यांवर येतं. म्हणून पहिल्या दिवशी पटाशी हातात घेऊ नका, ठोकळे तपासा. वजन कीलखालच्या ठोकळ्यांवरच हवं आणि ठोकळे साधारण मीटरभर अंतरावर हवेत. बाजूचे टेकू फक्त तोल राखण्यासाठी असतात. ते घट्ट आवळले तर फळ्या आत दबतात. टेकूचं डोकं नेहमी फासळीवर किंवा आतल्या आडव्या भिंतीच्या रेषेत ठेवा, दोन फासळ्यांमधल्या मोकळ्या फळीवर कधीच नको. समोरासमोरचे टेकू होडीच्या खालून साखळीने एकमेकांना बांधा, म्हणजे घसरणार नाहीत.

मग कीलची रेषा तपासा. नाळेच्या तळापासून मागच्या खांबापर्यंत बारीक तार ताणा किंवा लेसर लावा आणि प्रत्येक फासळीपाशी कीलपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. तार वापरत असाल तर मधे थोडा झोळ पडतो हे लक्षात घ्या. एवढ्या लांबीला लेसर बरा. जुन्या होड्यांची दोन्ही टोकं हळूहळू खाली येतात आणि मधला भाग वर राहतो, कारण टोकांना पाण्याचा आधार कमी असतो आणि वजन मात्र असतंच. हे मोठमोठ्या जहाजांनाही चुकलेलं नाही. १७९७ साली पाण्यात उतरलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेच्या कीलला असा सुमारे १३ इंचांचा बाक आला होता. १९९०च्या दशकात गोदीत घेऊन तो काढला आणि मूळ रचनेतले, मधल्या काळात काढून टाकलेले तिरके आधार पुन्हा बसवले.

तुमच्या होडीत बिडाचं बॅलास्ट आहे. बीड वाकत नाही, त्यामुळे बॅलास्टच्या लांबीत कील सरळच दिसेल. बाक असलाच तर तो बॅलास्ट संपल्यावर, मागच्या भागात सापडेल. मऊ लाकूडही तिथेच आहे, आणि हा योगायोग नसावा. मागचं टोक खाली आलं असेल तर त्याखालचा ठोकळा पाचरींनी एका वेळी दोन-तीन मिलिमीटर वर घ्या आणि मग काही दिवस होडीला तशीच राहू द्या. लाकडाला नव्या आकारात बसायला वेळ लागतो. जॅक लावून एका दुपारी सगळा बाक काढला तर खिळे ओढले जातात आणि फासळ्यांना चिरा पडतात. दर वेळी आत जाऊन केबिनचं दार नीट लागतंय का ते पाहा. चौकट तिरकी झाली की दार अडतं, आणि ही खूण कोणत्याही मोजपट्टीइतकीच भरवशाची आहे. रेषा जमली की वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे दोन-तीन आडव्या फळ्या स्क्रूने पक्क्या करा, म्हणजे खालचं लाकूड काढल्यावर होडी फाकणार नाही. काम संपेपर्यंत त्या तिथेच राहतील.

पहिल्या फळीच्या फटीबद्दल लगेच घाबरू नका. फट सगळ्या लांबीत सारखी असेल तर ते बहुधा नुसतं वाळणं आहे आणि पाण्यात गेल्यावर ती भरून येईल. फट एकाच टोकाला रुंद होत गेली असेल, तर आकार बदललाय किंवा खिळे गेलेत असं समजा. दोन्ही परिस्थितींत ती आत्ता कापूस ठोकून किंवा लांबी (पुट्टी) भरून बंद करू नका. वाळलेल्या फटीत घट्ट माल भरला की फुगणाऱ्या फळीला जायला जागा राहत नाही. मग ती कीलपासूनच उखडते नाहीतर फासळी तोडते.

या सगळ्या काळात होडी आणखी वाळू देऊ नका. जाड लाकूड फार हळू सुकतं. उघड्यावर इंचाला वर्ष असा जुना ठोकताळा आहे आणि ओकला त्याहून जास्त लागतं. त्यामुळे कीलचा बाहेरचा थर आकसतो, आतला ओला राहतो आणि लांब चिरा पडतात. सावली करा, वारा थेट लागू देऊ नका, उघड्या लाकडावर जवसाच्या तेलाचा हात द्या. आत तळाशी खाऱ्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं पसरली तरी बराच फरक पडतो. गोडं पाणी नको, कारण त्यात बुरशी वाढते.

आता लाकूड का गेलं ते पाहू. कीलचं लाकूड जायची मुख्य कारणं तीन आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा.

पहिलं कारण बुरशी. तिला हवा लागते आणि ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडालेल्या लाकडाला ती सहसा शिवत नाही. म्हणूनच १८४१ सालच्या ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ या देवमासे पकडणाऱ्या जहाजाची बरीच लाकडं आजवर बदलावी लागली, पण २०१३ साली संपलेल्या मोठ्या दुरुस्तीनंतरही कील मूळचीच राहिली. तेव्हा कीलमध्ये बुरशी असेल तर पाणी बहुतेक वेळा वरून आलेलं असतं. डेकच्या सांध्यातून, डोलकाठीच्या बुंध्यातून, कॉकपिटच्या निचऱ्यातून पावसाचं पाणी आत येतं आणि तळाशी साचून राहतं. तळाच्या आडव्या तुळयांखाली पाणी वाहून जायला भोकं ठेवलेली असतात. जुन्या होडीत ती रंगाच्या पापुद्र्यांनी आणि धुळीने बुजलेली आढळतात. प्रत्येक भोकातून तार घालून पाहा. एक जरी बंद असेल तर त्याच्या वरच्या अंगाला डबकं तयार होतं, आणि मऊ लाकूड नेमकं तिथेच मिळतं.

दुसरं कारण तेरेडो. याला किडा म्हणतात, पण प्रत्यक्षात तो शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. बाहेर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं आणि आत बोटाएवढी बोगदी असतात, त्यांना आतून पांढऱ्या चुन्याचं अस्तर असतं. बाहेरून लाकूड धडधाकट दिसतं, हातोडी मारली की पोकळ बोलतं. होडी काही वर्षं कोरडी आहे, म्हणजे तो आता जिवंत नसणार. पण बोगदी तशीच आहेत आणि त्या लाकडात ताकद राहिलेली नाही. तेरेडो खालून किंवा बाजूने शिरतो, बुरशी वरून उतरते. मऊ लाकूड कीलच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, एवढ्यावरूनही अर्धं निदान होतं.

तिसरं कारण कमी लोकांना माहीत असतं आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोल्टांभोवतीचं लाकूड नुसतं मऊ नाही, तर केसाळ झालंय, तंतू सुटे झालेत, बोटांत धरलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं, वाळल्यावर वर पांढरट पूड दिसते, असं आहे का पाहा. असेल तर ती बुरशी नाही. धातूला गंजापासून वाचवायला आपण जस्ताचे तुकडे लावतो. त्यांतून निघणारा प्रवाह ज्या धातूला वाचवतो, त्या धातूच्या पृष्ठभागावर खाऱ्या पाण्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो. तो लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र धरणारा भाग, विरघळवतो. कागदाचा लगदा करताना कारखान्यात मुद्दाम जे करतात तेच इथे तुमच्या कीलमध्ये होतं. तपासायला सोपं आहे. बोल्टाजवळचं चिमूटभर लाकूड शुद्ध पाण्यात भिजवा आणि त्यावर पीएच कागद टेकवा. ओक मुळात आम्ल असतो, साधारण ४च्या आसपास. समुद्राचं पाणी ८च्या थोडं वर. कागदाने १० किंवा त्याहून वर दाखवलं तर कारण सापडलं. असं असेल तर नवं लाकूड बसवण्याआधी जस्ताचे तुकडे आणि बोल्ट एकमेकांना जोडणाऱ्या तारा यांचा विचार करायलाच हवा. अनेक होड्यांवर गरजेच्या कितीतरी पट जस्त लावलेलं असतं, कारण जास्त म्हणजे जास्त सुरक्षित असा समज आहे. लाकडी होडीत हा समज महागात पडतो. ज्या बोल्टांना पाणी लागत नाही, जे लाकडात नीट बसलेले आहेत, त्यांना जस्ताशी जोडायची गरज नाही. आजूबाजूचं टिकाऊ लाकूड व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुऊन घ्या. त्याने सोडा निघेल. गेलेलं लिग्निन परत येणार नाही.

ओकमध्ये लोखंडाभोवती निळसर काळे डागही दिसतील. ते ओकमधलं टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने येतात. नुसता डाग म्हणजे लाकूड गेलं असं नाही. टोचून पाहा.

टोचण्यालाही पद्धत आहे. टोच्या पृष्ठभागाची बातमी देतो, आतली नाही. सहा मिलिमीटरचं गिरमिट घ्या आणि हाताने सावकाश फिरवत कीलमध्ये न्या. ड्रिल मशीन वापरलं तर हाताला काहीच कळत नाही. चांगल्या ओकमधून लांब, वळलेल्या ढलप्या येतात, गिरमिट सतत ओढ देतं आणि आंबूस वास येतो. खराब लाकूड आलं की ओढ एकदम जाते. ढलपीऐवजी तपकिरी भुगा किंवा ओला चिखल येतो आणि वास अळंबीसारखा होतो. किती खोलीवर ओढ गेली आणि किती खोलीवर परत आली हे गिरमिटावर खूण करून मोजा, आणि प्रत्येक भोकापाशी खडूने लिहा. शेवटी हे सगळे आकडे कीलच्या कागदावरच्या चित्रात भरा. त्या चित्राकडे पाहूनच ठरेल की तुकडा बदलायचा की कील. भोकं पाइनच्या खुंट्या तेलात बुडवून बंद करता येतात, त्यांची काळजी करू नका.

आता इपॉक्सीबद्दल. पातळ रेझिन लाकडाच्या तंतूंच्या दिशेने थोडं आत जातं, तंतूंना आडवं जवळजवळ जातच नाही. ओल्या लाकडात तर पाण्यानेच जागा घेतलेली असते. तुमच्या कीलच्या पोटात ओल २५ ते ३० टक्के असायची शक्यता आहे. इपॉक्सीला १२ टक्क्यांच्या आसपासचं लाकूड हवं. म्हणजे वरचा काही मिलिमीटरचा थर काचेसारखा कडक होईल, खाली ओल कोंडून राहील आणि बुरशी तिचं काम चालू ठेवेल. पुढच्या वेळी हातोडी मारल्यावर लाकूड चांगलं बोलेल आणि तुमची फसगत होईल. यापेक्षा मऊ लाकूड तसंच ठेवलेलं परवडलं, निदान ते खोटं बोलत नाही.

बोल्टांकडे वळू. कीलचा निर्णय बोल्ट काढल्याशिवाय होत नाही. गंजाचे ओघळ कितीही वाईट असले तरी आत काय आहे ते बाहेरून सांगता येत नाही. बोल्टाचं डोकं आणि नट ठणठणीत असतात आणि लाकडी कील जिथे बॅलास्टला टेकते त्या सांध्यात बोल्ट पेन्सिलीएवढा उरलेला असतो. पाणी आणि हवा त्या सांध्यातच पोचते. काही ठिकाणी एक्स-रे काढून हे पाहतात. ती सोय असेल तर जरूर वापरा. नसेल तर आधी दोन बोल्ट काढा, एक सगळ्यात वाईट दिसणारा आणि एक मधला, चांगला दिसणारा. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण चांगला दिसणारा बोल्टही खाल्लेला निघाला तर सगळेच बदलायचे आहेत.

बोल्ट काढताना नट पूर्ण सोडवू नका. आट्यांच्या टोकाशी समतल येईल एवढा ठेवा, म्हणजे घणाच्या माराने आटे फुलणार नाहीत. गंज सुटणारं तेल काही दिवस आधीपासून रोज सोडत राहा. थोडा हलला की बोल्टापेक्षा जरा बारीक लोखंडी कांब वर धरून ठोका. तुटला तर दाते कापलेली नळी बोल्टावरून घालून आजूबाजूचं लाकूड गोल कापत खाली जायचं, तुकडा काढायचा आणि भोकात जाड खुंटी बसवून नव्याने भोक पाडायचं. बॅलास्ट उतरवायची वेळ आली तर त्याखाली आधीच पक्का घोडा किंवा चाकांची गाडी तयार ठेवा, आणि वजन सुटत असताना हात किंवा पाय खाली जाणार नाही याची काळजी प्रत्येकाने घ्यायची. ही गोष्ट कितीदाही सांगितली तरी कमीच.

नव्या बोल्टांचा धातू बॅलास्टशी जुळता हवा. बिडाला गरम जस्तात बुडवलेले लोखंडी बोल्ट, शिशाच्या बॅलास्टला सिलिकॉन ब्राँझ. बिडात ब्राँझ घातलं तर बीड झिजत जातं. स्टेनलेस स्टीलचा मोह आवरा. ते चकचकीत राहतं ते हवेमुळे. ओल्या लाकडात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे त्याचा संरक्षक थर टिकत नाही आणि बारीक खोल खड्डे पडून बोल्ट आतून कापला जातो. पितळ तर मुळीच नको. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते ठिसूळ, गुलाबी तांबं. मँगनीज ब्राँझ या नावाने जे विकतात ते रचनेने पितळच असतं, त्यामुळे नावावर जाऊ नका.

आता निर्णय. खराब भाग उथळ असेल, कीलच्या जाडीच्या तिसऱ्या भागापेक्षा कमी, आणि लांबीही मोजकी असेल, तर तो चौकोनी कापून थिगळ बसवता येतं. मागचा भाग आरपार गेला असेल पण पुढचा ठणठणीत असेल, तर मागचा तुकडा बदलून तिरक्या सांध्याने, म्हणजे स्कार्फने जोडायचा. तुमच्या वर्णनावरून हेच करावं लागेल असा माझा अंदाज आहे. अख्खी कील बदलायची वेळ तेव्हाच येते, जेव्हा निम्म्याहून जास्त लाकूड गेलेलं असतं किंवा स्कार्फला निर्धोक जागाच उरत नाही.

ही जागा विचार करून निवडा. डोलकाठीच्या बुंध्याखाली स्कार्फ नको. बॅलास्ट जिथे संपतं तिथेही नको, कारण कील वाकायचा प्रयत्न तिथेच करते. आत कीलसन (कीलवर आतून बसवलेलं लांब लाकूड) असेल आणि त्यातही सांधा असेल, तर दोन सांधे दोन-तीन फासळ्यांनी पुढे-मागे ठेवा. पहिल्या फळीतला जोडही त्या जागी येऊ देऊ नका. उतार किमान एकास आठ. म्हणजे कील १५० मिलिमीटर जाड असेल तर सांधा १२०० मिलिमीटर लांब. ऐकायला हे जास्त वाटतं आणि सगळेजण इथे कंजुषी करतात. टोकं सुरीच्या धारेसारखी निमुळती करू नका, ती फुटतात. टोकाशी थोडी चौकोनी जाडी ठेवा आणि समोरच्या लाकडात तिला खाच द्या. खालचं टोक नेहमी मागे तोंड करून हवं, म्हणजे पुढच्या लाकडाचा ओठ मागच्या लाकडाखाली येईल. होडी कधी तळाला घासली तर सांधा उचकटत नाही.

लाकूड शक्यतो जुन्याच जातीचं घ्या. ओक असेल तर पांढरा ओक. लाल ओकच्या नळ्या उघड्या असतात, त्यातून पाणी सरळ आरपार जातं. पांढऱ्या ओकच्या नळ्या निसर्गतःच बुजलेल्या असतात. सालीकडचं फिकट लाकूड अजिबात ठेवू नका, आणि झाडाचा मगज तुकड्याच्या आत येणार नाही असं पाहा, कारण चिरा तिथूनच सुरू होतात. भट्टीत खडखडीत वाळवलेलं लाकूडही कीलला योग्य नाही. पाण्यात गेल्यावर ते इतकं फुगतं की सांध्यावर आणि बोल्टांवर नको तेवढा ताण येतो.

कापायच्या आधी पहिली फळी काढावी लागेल. एका वेळी एकच बाजू. जुनी फळी फेकू नका, खराब असली तरी तीच नव्या फळीचं माप आहे. फळी निघाली की फासळ्यांची टोकं आणि तळाच्या तुळया उघड्या पडतात. त्यांना तात्पुरती फळी स्क्रूने लावून एकमेकींशी बांधा आणि मगच खालचं लाकूड काढा. नव्या तुकड्याचा नमुना पातळ प्लायवर काढा, पण तो काटेकोर कापू नका. दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवा. फळी बसते ती खाचही तुकडा जागेवर बसवल्यानंतरच पूर्ण करा.

सांधा जुळवायला मी काजळीच वापरतो. जुन्या लाकडाच्या तिरक्या तोंडावर तेलात खललेली काजळी पातळ फासायची, नवा तुकडा जागेवर नेऊन एक हलका ठोका द्यायचा आणि काढायचा. नव्या लाकडावर जिथे काळं उमटलं तो उंचवटा. तेवढाच रंध्याने काढायचा, पुन्हा लावून पाहायचं. सुरुवातीला दोन-तीन ठिपके उमटतात, मग पट्टे, आणि जेव्हा सगळ्या तोंडावर बारीक बारीक काळे ठिपके सारखे पसरलेले दिसतात तेव्हा सांधा बसला. शेवटची कसर काढायला दोन्ही लाकडं जागेवर घट्ट धरून सांध्यातून बारीक दातांची करवत फिरवली तर दोन्ही तोंडं एकदम सारखी होतात. या कामात घाई करू नका. सांध्यात माल भरून फट लपवता येते, पण फटीला ताकद नसते.

सांध्यात गोंद घालायचा का? जुनं लाकूड ओलं आहे, तेव्हा कोणत्याही गोंदावर भिस्त ठेवू नका. सांधा बोल्टांनी धरला पाहिजे. आत शेंदूर आणि जवसाच्या तेलाचा किंवा तयार मिळणारा न कडकणारा माल भरपूर लावा, बोल्ट आवळल्यावर तो सगळीकडून बाहेर यायला हवा. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका. चिवट पॉलियुरेथेन सीलंट इथे वापरू नका. ते लाकडापेक्षा घट्ट धरतं, आणि पुढे कुणाला सांधा उघडायचा असेल तेव्हा लाकूड फाटतं.

आणि पाणखुंटी विसरू नका. स्कार्फची रेषा कितीही घट्ट असली तरी तिच्यातून पाणी सरकत आत येतं, आणि बाहेरून भरलेला कापूस ते थांबवू शकत नाही. म्हणून सांध्याला आडवं, कीलच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एक भोक पाडतात, साधारण १२ मिलिमीटरचं, आणि त्यात पाइन किंवा सीडरसारख्या मऊ लाकडाची कोरडी खुंटी ठोकतात. भोकाचा मध्य बरोबर सांध्याच्या रेषेवर, म्हणजे अर्धं भोक वरच्या लाकडात आणि अर्धं खालच्या. खुंटी पाण्याने फुगते आणि रस्ता बंद होतो. जागा मात्र नेमकी हवी. फळीच्या खाचेत जिथे कापसाची रेषा सांध्याला छेदते, बरोबर तिथे. बोटभर आत गेली तर पाणी तिच्या बाहेरून वळून कापसाच्या मागे येतं, बोटभर बाहेर गेली तर तिच्या आतून. जुन्या होड्यांमध्ये न सापडणारी गळती असते तिचं कारण बऱ्याचदा नसलेली किंवा चुकलेली पाणखुंटीच असते. गोंद लावायच्या तयार सांध्यातही मी ती घालतोच.

बोल्ट बसवताना वॉशरखाली शेंदरात भिजवलेल्या कापसाच्या दोऱ्याचा वेढा द्या आणि बोल्टाला ग्रीस किंवा चरबी चोपडा. वॉशर मोठा आणि जाड हवा. नट आवळताना वॉशर लाकडात रुतू लागला की थांबा. लाकूड पाण्यात फुगून उरलेला घट्टपणा स्वतः आणतं.

कीलच्या तळाला बळी द्यायची पट्टी लावा. तीस मिलिमीटर जाडीची साधी लाकडी पट्टी, मधे डांबरात भिजवलेला नमदा, आणि छोटे खिळे. आरपार बोल्ट नको. तेरेडो पट्टी खाईल, पण तो एका लाकडातून दुसऱ्यात सांधा ओलांडून सहसा जात नाही, आणि डांबराचा थर तर नाहीच. काही वर्षांनी पट्टी काढून नवी लावायची.

तळाचा जुना रंग खरवडताना कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि जुन्या थरांत कथिलाचं विषारी संयुगही, ज्यावर २००८पासून अंमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. पाणी मारून खरवडा, चांगला मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा आणि कचरा गोळा करून योग्य ठिकाणी द्या.

पाण्यात उतरवताना पहिल्या फळीच्या फटीत कापूस हलक्या हाताने भरलेला असावा आणि वरची लांबी (पुट्टी) मऊ असावी. होडी क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली असतानाच एक-दोन दिवस पाण्यात ठेवता आली तर उत्तम, पंप चालू ठेवून. पहिल्या दिवशी पाणी बरंच येईल, दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ते कमी होत नसेल तर आत जाऊन टॉर्चने प्रत्येक तुळईपाशी पाहा, आणि सगळ्यात आधी स्कार्फच्या जागी. आत मापं घेऊन ठेवलेली असतील तर त्या आठवड्यात पुन्हा घ्या. पाण्यात आकार थोडा हलतो, आणि ते आकडे पुढच्या वेळी होडी वर काढताना लागतील. बोल्ट महिन्याभराने एकदा तपासून गरज असेल तेवढेच आवळा, आणि एक हंगाम झाल्यावर पुन्हा एकदा.